सांगलीचा एक वॅट

आमच्या वस्तीवर मला सगळे मेजर म्हणतात. फौजेत मी मेजर नव्हतो, पण सिग्नलमध्ये होतो, आणि सिग्नलवाला गप्प बसला तर खरा मेजरसुद्धा मुका होतो. तेव्हा ही पदवी मी फार लांबून ओढून आणलेली नाही. बर्फात ड्यूटीला असताना पलीकडचा माणूस नुसता बटण दाबतोय त्यावरून मी ओळखलं होतं की त्याला सर्दी झालीय. त्याला स्वतःला ते दुसऱ्या दिवशी कळलं. वस्तीवर कुणालाही विचारा, ही गोष्ट खरी आहे का. सगळे हसतील, पण पाठ सगळ्यांना आहे.

निवृत्त होऊन मी फलटण आणि लोणंदच्या मधल्या आमच्या उसात परत आलो आणि हौशी रेडिओचा परवाना काढला. त्याच रेडिओवर मला आण्णा भेटला. तासगावच्या बाजूचा द्राक्षबागायतदार. जैन घरातला, कांदा-लसूण खात नाही आणि खोटं बोलत नाही. पहिलं मला जमलं नसतं, दुसरं मला अजून समजलेलं नाही. आमच्या मधे महादेवाचे डोंगर आडवे पडलेत, पण वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांच्या घरात बसल्यासारखे बोललो. प्रत्यक्षात भेटलो चार-दोन लग्नांत, आणि तिथंही जेवायच्या पंगतीत बोटांनी ताटावर मोर्स वाजवत बसलो. लोक म्हणाले, यांना वाढा आधी.

मोर्स ऐकावं तर आण्णानंच. आपण पाटाचं पाणी ऐकतो तसं तो ऐकायचा. लक्षसुद्धा न देता. आणि नेमके त्याचेच कान गेले. हळूहळू नाही, बाग डावणी रोगानं जाते तसे, बघता बघता. कानाला मशीन लावून बघितलं, काही उपयोग झाला नाही. एक दिवस वहिनींनी कळवलं की त्यानं रेडिओवर धोतराचं पान टाकलंय आणि त्यावर बेदाण्याचे बॉक्स रचलेत.

मला ते सहन होईना. मी त्याला फोनवर लिहिलं, "आण्णा, रेडिओत एक पट्टा असा हाय की तिथं कानाचं कामच न्हाई."

ही थाप नव्हती. लांब लाटांचा तो पट्टा. तिथली एक लाट दोन किलोमीटरहून लांब असते. तिचं डोकं आमच्या वस्तीवर असलं तर शेपूट कॅनॉलच्या पुलापलीकडं पडतं. एवढ्या लाटेला तेवढीच तार पाहिजे. आपल्याकडं असते परसातली तार. म्हणून यंत्रात शक्ती ओतली तरी बहुतेक सगळी माती गरम करण्यात जाते आणि हवेत निघतो तो जेमतेम एक वॅट. दिवाळीच्या माळेतला दिवासुद्धा त्याला हसेल. असा एक वॅट डोंगर ओलांडून आला तरी कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. तिथं बहिरा आणि कानाचा, दोघं एकाच पंगतीत.

मग तो पकडायचा कसा? म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेला असाल तर सांगतो. गुलाल, ढोल, माणसावर माणूस. त्या गर्दीच्या पार पलीकडं एक म्हातारा एकच शब्द, ठरलेल्या ठेक्यात, पुन्हा पुन्हा पुटपुटत उभा आहे. गर्दीचा गोंगाट दर क्षणी वेगळा, म्हाताऱ्याचा ठेका मात्र तोच. तुमचं आणि त्याचं घड्याळ तंतोतंत जुळलेलं असेल, तर त्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर रचत जायची. गोंगाट आपापसात विरतो, शब्द साचत जातो. आमची घड्याळं उपग्रहावरून जुळवलेली, आणि रचायचं काम कॉम्प्युटरचं. अर्धा तास तो ऐकतो. मग एकतर स्क्रीनवर अक्षरं येतात, नाहीतर कोरी ओळ. मधलं काही नाही. "थोडं थोडं ऐकू आलं" असं म्हणायची सोयच नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला हा पट्ट्याचा मोठाच दोष वाटतो.

आण्णानं बेदाण्याचे बॉक्स उतरवले. टाकीच्या मनोऱ्यावरून तार वर नेली. आणि जमिनीकडची बाजू, म्हणजे अर्थिंग, त्यानं जोडली ती द्राक्षाच्या मांडवाला! दोन एकर बाग. ओळीनं रोवलेले लोखंडी अँगल, त्यावर उभ्या-आडव्या तारा, सगळं एकमेकांना बांधलेलं. जगात लोक तांब्याच्या तारा पुरून पुरून थकतात, आणि आमच्या आण्णाची जमीन वेलींसकट तयार उभी होती. मी छाती ठोकून सांगतो, अशी जोडणी पृथ्वीवर दुसऱ्या कुणाची नसेल. असली तर तो माणूस तासगावचाच असेल.

मी माझ्या बाजूला ऐकायची तार गुंडाळली ती आमच्या जुन्या बाजेच्या चौकटीवर आणि चौकट टांगली लिंबाच्या झाडाला.

"आवं, झोपायची बाज झाडावर टांगून तुमी झोपणार कुठं?" आमची मंडळी म्हणाली.

"सांगली ऐकल्याशिवाय झोपणारच न्हाई," मी म्हणालो. त्या दुपारी मी जमिनीवर मस्त घोरलो, हे तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं.

सगळा हिवाळा आण्णा पाठवत राहिला आणि मी कोऱ्या ओळी बघत राहिलो. मग हंगामाच्या शेवटी वहिनींचा निरोप आला. बाग म्हातारी झाली होती, माल उतरत नव्हता. मुलांनी ठरवलं, बाग काढायची. येत्या सोमवारी मजूर आणि ट्रॅक्टर येणार, वेली उपटणार, अँगल आणि तारा भंगारात जाणार. आण्णानं मुलांना अडवलं नाही. पोरांचं शेत, पोरांचा निर्णय, असं म्हणाला. मला मात्र त्यानं एवढंच लिहिलं, "मांडव गेला की माझी जमीन गेली. मी ह्या पट्ट्यावर हुतो, हे कुणालाच कळलं न्हाई."

त्याच आठवड्यात मी त्याला पकडला!

म्हणजे तसं मला वाटलं. संध्याकाळी स्क्रीनवर एक सुंदर रेघ उमटली. ठिपका, ठिपका, ठिपका. शिस्तीत, जवानांनी परेड करावी तशी. कॉम्प्युटर अक्षरं द्यायला तयार नव्हता, पण कॉम्प्युटरला काय कळतं? मी फौजेतला माणूस. मी फलटणहून पेढे मागवले, वस्तीवर वाटले, आणि आण्णाला लिहिलं, "आलास! डोंगर फोडून आलास!" तिकडं वहिनींनी शिरा केला. आण्णानं म्हणे मुलांना बोलावून माझा निरोप दोनदा वाचून दाखवला.

सकाळी आण्णा यंत्राजवळ गेला तर फ्यूज उडालेला. आदल्या दुपारपासूनच. मी आण्णाला ऐकलं तेव्हा आण्णा बोलतच नव्हता.

मग मी कुणाला ऐकलं? शेजारच्या तात्यांच्या झटका मशीनला. रानडुकरं उसात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला टिक-टिक झटका देणारा तो डबा. सोलरवर चालतो, लाईट जावो राहो, थांबत नाही. त्याची टिकटिक माझ्या बाजेत शिरून मला सांगली म्हणून सलाम ठोकत होती. डुकरं हाकलायच्या यंत्रासाठी पेढे वाटणारा महाराष्ट्रातला मी पहिलाच. तात्यांनी दोन खाल्लेही होते.

आण्णाचा निरोप आला. "माझं यंत्र बंद असताना तू मला ऐकलंस. आता मी मेल्यावरबी ऐकशील." आणि त्याखाली, "मर्दा, तुझ्या शब्दावर मी पोरांना सांगितलं. आता तुझा शब्द नको. रविवारी संध्याकाळी, दिवस मावळायच्या सुमाराला, शेवटचं पाठवतो. एक शब्द. घरात कुणाला ठावा न्हाई, तुझ्या वहिनीलाबी न्हाई. तो शब्द मला सांग, मग मी मानीन. न्हाईतर सोमवारी गप बाग काढू दे."

रविवारचा हिशेब असा होता. आमच्या भागात शेतीची लाईट त्या आठवड्यात संध्याकाळच्या आधीच जायची, म्हणजे मोटारींचा गोंगाट आपोआप बंद. राहिली आमची वस्ती: घराघरातले दिवे, चार्जर, टीव्ही. आणि तात्यांचं झटका मशीन. दिवस मावळताना अर्धा तास हे सगळं बंद पाहिजे. पण डुकरं नेमकी त्याच वेळेला ओढ्यातून निघतात, आणि तात्यांच्या उसाला अजून तोड आली नव्हती. अर्धा तास कुंपण मेलं तर वर्षाचा ऊस लोळला म्हणून समजा.

रविवारी सकाळी मी तात्यांच्या ओट्यावर गेलो. वस्तीतली बाकीची मंडळीही होती. मी माझं सगळं कौशल्य पणाला लावलं.

"तात्या, फौजेत आमच्या छावणीतबी डुकरं यायची. आमच्या डॉक्टरनं शोध लावला. झटका रोज रोज बसला की डुकराला त्याची सवय लागते, मग चहासारखी तलफ येते. आठवड्यातनं एकदा, रविवारी, अर्धा तास बंद ठेवला की डुक्कर बावचळतं, त्याचा विश्वासच उडतो, अन्—"

"मेजर," तात्या म्हणाले, "गेल्या साली तुमीच सांगितलंत की डुकराला रेडिओ लावला की ते बसून ऐकतंय."

"ते मराठी गाण्याला. हे वेगळं."

"आणि आमच्या पेढ्याचं काय झालं?" कुणीतरी मागून म्हणालं. "डुकराला कळवलं का, त्याच्या नावानं वाटलं म्हणून?"

सगळा ओटा हसला. मी पण हसलो. माझ्याकडं आणखी तीन गोष्टी तयार होत्या, एकीत तर बिबट्याही होता. तेवढ्यात आमची मंडळी, जी मागून येऊन दाराशी उभी होती, ती बोलली.

"तात्या, त्यांचं ऐकू नका. तासगावच्या भावजींचं कान गेल्यात. ते बागेच्या मांडवावरनं कायतरी पाठवत्यात, अन् उद्या बाग निघणार हाय. आज कुणी ऐकलं न्हाई तर ते कुणालाच ऐकू गेलं न्हाईत असं हुईल. एवढंच हाय."

 तात्यांनी तंबाखू चोळायची थांबवली.

"मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय, मेजर? डुकराची तलफ काय काढत बसलाय!"

"ऊस?" मी विचारलं.

"ऊस आमी राखतो की. आमच्या बापानं काय मशीन लावून राखला हुता?" मग एकदम शंका येऊन म्हणाले, "पर डबं वाजवलेलं चालतंय का तुमच्या त्या बाजेला? का तेबी बंद?"

आणि इथं मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत शानदार खरं बोललो. म्हणालो, "तात्या, डबं वाजवा, हलगी वाजवा, फटाकं उडवा, घशाची शीर तुटंपर्यंत बोंबला. माझ्या यंत्राला त्यातलं काडीचं ऐकू येत न्हाई. त्याला फक्त विजेचा आवाज नको."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "ही थाप न्हाई न्हवं?"

"न्हाई," आमची मंडळी म्हणाली. त्यावर विश्वास बसला.

दिवस कलला. शेतीची लाईट गेली. आमच्या वस्तीतल्या घरांनी एकेक करून मेन स्विच खाली ओढले. बायकांनी मालिका सोडल्या, आणि मालिका काय चालू होती ते विचारू नका, त्या दिवशी कुणाचं तरी लग्न मोडणार होतं. तात्या स्वतः बांधावर गेले आणि त्यांनी झटका मशीनची वायर काढली. माझा रेडिओ आणि कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. स्क्रीनवर गोंगाटाची जी जाड पट्टी सगळा हिवाळा चिखलासारखी बसलेली होती, ती अशी खाली उतरली की मला वाटलं यंत्र बिघडलं.

आणि त्याच क्षणी उसाच्या चारी बाजूंनी प्रलय सुरू झाला. तेलाचे डबे, परातींवर उलथनी, एक हलगी, एक लग्नातला ताशा, एका म्हाताऱ्यानं तर नुसता घसा लावला होता आणि तो ताशाला भारी पडत होता. "हाऽऽड्! हाऽऽय्!" लोणंदच्या बाजारात बैल दचकले असतील. फलटणच्या कारखान्याच्या भोंग्याला लाज वाटली असेल. आमच्या वस्तीवर एवढा आवाज कधी झाला नव्हता, आणि माझ्या रेडिओच्या दृष्टीनं एवढी शांतता कधी झाली नव्हती. लिंबाखाली मी एकटा, डोळ्यांसमोर ती शांत काळी स्क्रीन, आणि कानांवर अख्खा रणसंग्राम. डोंगरापलीकडं एक बहिरा माणूस मांडवाशी उभा राहून एकच शब्द पुटपुटत होता, आणि त्याच्यासाठी इकडं आमची माणसं घसा फोडून ऊस राखत होती.

अर्धा तास संपला. कॉम्प्युटर रचू लागला. तात्या घामानं निथळत आले, हातात चेपलेला डबा. मागून त्यांची सून आली. ती बारामतीच्या कॉलेजात शिकलेली. मग एकेक करून सगळेच लिंबाखाली जमले.

ओळ कोरी. अजून कोरी.

"आलं का काय?" कुणीतरी विचारलं.

"थांब की रं."

मग एकदम, सगळी अक्षरं एकाच वेळी उमटली. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी. मी वाचला. पुन्हा वाचला. आणि हात पुढं करून मी कॉम्प्युटरचं झाकण हळूच मिटवायला लागलो.

"मेजर, काय आलं?" तात्या म्हणाले.

"आलं. आशीर्वादासारखं कायतरी आलं. शुभेच्छा."

सूनबाईंनी झाकण धरलं. वाकून वाचलं. तोंडाला पदर लावला.

"काय गं?" तात्या म्हणाले.

"मामंजी... 'थापाड्या' लिहिलंय."

 मग वस्ती जी हसली! डबे पुन्हा वाजायला लागले, ह्यावेळी डुकरांसाठी नाही. तात्या बांधावर बसलेच. आमची मंडळी लिंबाला धरून उभी होती आणि डोळे पुसत होती. आणि मी? मी ताठ उभा होतो. एक वॅट. आडवे महादेवाचे डोंगर, मधले सगळे कारखाने, गावं, तारा. आणि त्यातून एकेक अक्षर धड. एकही चुकलेलं नाही. आयुष्यात इतकी स्वच्छ शिवी कुणी खाल्ली नसेल.

पण आण्णाला कळवायचं होतं. फोन घेतला आणि माझ्याच बोटांनी लिहिलं, "थापाड्या." दुसरं काही लिहिलं नाही. लिहायला खूप होतं, पण त्यानं तेवढंच मागितलं होतं.

उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन आण्णाकडं वळवला. तो मांडवात उभा होता, एका अँगलला धरून, मागं उतरतीचा उजेड. दोन्ही मुलं शेजारी. बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं बोलला, आणि आमच्या सगळ्या वस्तीनं ऐकलं.

"मर्दा! चांगला शब्द पाठवला असता तर तू अंदाजानं ठोकला असतास! देवाचं नाव, गावाचं नाव, माझं नाव! म्हणून बसून इचार केला, कुठला शब्द हा गडी सोतासाठी कवाच बनवणार न्हाई!" मग त्याचा आवाज खाली आला. "पोरांना दाखवला तुझा निरोप. आता मानतो."

त्याला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी फोन फिरवला. अंधारत चाललेली वस्ती, बंद घरं, बांधावर हातात डबे आणि पराती घेतलेली माणसं, ताशावाला. त्याला आधी काही समजलं नाही. मग मी वहिनींना सगळं सांगितलं आणि त्यांनी ते त्याच्या तळहातावर बोटानं लिहिलं. स्क्रीनकडं बघत त्यानं हात वर केला. तात्यांनी चेपलेला डबा वर केला.

सोमवारी बाग निघाली. पुढच्या आठवड्यात द्राक्षाच्या गाडीबरोबर माझ्याकडं एक लोखंडी अँगल आला. भंगारातून बाजूला काढलेला, वरच्या भोकात तारेचा तुकडा तसाच. तो मी लिंबाखाली रोवलाय. माझी तार आता त्याला जोडलेली आहे. आण्णा म्हणतो, पुढच्या हिवाळ्यात तू पाठव, मी डोळ्यानं ऐकतो.

पाहुणे आले की मी त्यांना हा अँगल दाखवतो आणि गोष्ट सांगतो. परवा सांगता सांगता म्हणालो, "आणि शक्ती किती होती म्हणता? अर्धा वॅट!"

ओट्यावरून तात्यांचा आवाज आला. "एक. एक वॅट हुता, मेजर. अन् डबं आमचं हुतं."